पडून राहण्याचें शास्त्र

२०१९ सालीं जर्मनींतील कोलोन शहरीं २४ धडधाकट स्त्रीपुरुष आपण होऊन ६० दिवस अंथरुणाला खिळून राहिले. खाट डोक्याकडे सहा अंश उतरती. जेवण, स्नान, सारें कांहीं निजूनच. अवकाशांत वजन जाणवेनासें झालें म्हणजे अंगांतील रक्त डोक्याकडे सरकतें, आणि भार न पडल्यामुळें स्नायु व हाडें क्षीण होऊं लागतात. तीच अवस्था जमिनीवर घडवून तिजवर उपाय शोधावयाचा होता. त्यांतील कित्येकांना रोज अर्धा तास यंत्रावर निजवून गरगर फिरवीत. तेवढाच शरीराला भाराचा भास!

हें वाचलेलें माझ्या फार उपयोगीं पडलें. गेल्या पावसाळ्यांत सासूबाईंच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांनीं त्यांना उभें करावयास सांगितलें, तेव्हां घरांत केवढा गहजब! दुखणाईतानें पडून राहावें हा आपल्याकडील अलिखित कायदा; थोरल्या वन्संनीं डॉक्टरांस निर्दय ठरविलें. मीं म्हटलें, अवकाशांत तरण्याताठ्या माणसाच्याहि खुब्याचें हाड महिन्याला शेंकडा एक-दीड या मानानें झिजतें, म्हणून तीं माणसें रोज सुमारें दोन तास व्यायाम करतात. "त्यांचें तें कामच आहे, आईचें नव्हे," हें वन्संचें उत्तर. सासूबाई ऐकत होत्या. "मग उठवा मला," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या पहिल्या चार पावलांच्या वेदना पाहणें मला सोपें गेलें नाहीं.

कोलोनचा प्रयोग अमेरिका, युरोप व जर्मनी यांच्या अवकाशसंस्थांनीं मिळून केला. ही भागीदारी शिष्टाचाराची नव्हे, गरजेची आहे. अवकाशांत दीर्घकाळ राहिलेलीं माणसें मूठभर. एकाच देशाच्या नोंदींवरून अनुमान काढावें तरी कसें? म्हणूनच २०१५-१६ सालीं अमेरिकेचे स्कॉट केली व रशियाचे मिखाइल कोर्निएन्को ३४० दिवस वर राहिले, तेव्हां दोन्ही देशांनीं तपासण्या एकत्र केल्या. राजकारणांत तीं राष्ट्रें एकमेकांकडे पाठ फिरवून बसलीं होतीं, तरीहि! आपले राकेश शर्मा यांनीं १९८४ सालीं सोव्हिएट स्थानकांत योगासनें केलीं, तींहि याच शोधाचा भाग होतीं.

मला सर्वांत कौतुक वाटतें तें व्हालेरी पोल्याकोव्ह यांचें. स्वतः डॉक्टर असलेल्या या रशियन गृहस्थानें ४३७ दिवस अवकाशांत काढले आणि मार्च १९९५ मध्यें उतरल्यावर यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंत तो आपल्या पायांनीं चालत गेला.