थर, उंची आणि जमीन : दहीहंडीच्या ओढीचा इतिहास

१/ श्रावण वद्य नवमीला पालघर-बोईसरच्या चौकांतही हंडी बांधली जाते. त्या संध्याकाळी राज्यभरच्या बातम्यांत दोन आकडे शेजारी-शेजारी येतात : थर किती लागले आणि गोविंदा किती जखमी झाले. दुसरा आकडा ठाऊक असूनही पहिल्याची ओढ ओसरत नाही. असे का?

२/ मुळात हा उंचीचा खेळ नव्हता. गोपाळकाला म्हणजे दही, पोहे, लाह्या एकत्र कालवून सर्वांनी वाटून खाणे. कोकणातल्या वाड्यांत आणि गिरणगावच्या चाळींत हंडी मोजक्या थरांच्या हाताला लागेल अशीच टांगत. वरच्या मजल्यांवरून पाणी पडे, तेवढीच परीक्षा.

३/ पुढे राजकीय आयोजक आले, थरांगणिक बक्षिसे ठरली आणि हंडी वर सरकत गेली. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचले. ४३.७९ फुटांच्या त्या मनोऱ्याची गिनीज बुकात नोंद झाली. उंची जवळजवळ चार मजल्यांची. खाली जमीन मात्र तीच.

४/ ११ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उंचीला २० फुटांची आणि वयाला १८ वर्षांची मर्यादा घातली. स्वतंत्र पालघर जिल्हा तेव्हा अवघ्या दहा दिवसांचा होता.

५/ २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला, तेव्हा ठाण्यात ४९ फुटांवर 'कायदेभंगाची' हंडी बांधली गेली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने वयाची अट १४ वर आणली आणि उंचीचा निर्णय विधिमंडळावर सोपवला. २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपयांचे साहाय्यही जाहीर केले.

६/ असाच पेच अमेरिकी फुटबॉलपुढे १९०५ मध्ये उभा राहिला होता. त्या हंगामात १८-१९ खेळाडू दगावल्याचे तेथील वृत्तपत्रांनी नोंदवले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. १९०६ मध्ये नियम बदलले : चेंडू हाताने पुढे फेकण्यास मुभा मिळाली, घोळक्याने आदळण्यावर बंधने आली. दुखापती संपल्या नाहीत. मेंदूच्या इजांचा प्रश्न आजही आहे. पण नियम बदलल्याने खेळ मेला नाही, उलट वाढला.

७/ दहीहंडीची ओढ समजते ती सर्वांत खालच्या थराकडे पाहिल्यावर. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी करून सरावाला येणारा तरुण तेथे खांद्याला खांदा लावून उभा राहतो. छायाचित्रात त्याचा चेहरा येत नाही, हंडीला त्याचा हात लागत नाही. तरीही तो हलला तर सगळे कोसळतील, हे प्रत्येकाला ठाऊक असते. इतरत्र सहज बदलता येणारा माणूस येथे अपरिहार्य ठरतो. ही प्रतिष्ठा बक्षिसाहून मोठी असते, आणि ती चार थरांतही तितकीच मिळते.

८/ म्हणून उंची कमी केल्याने परंपरा बुडेल, हा दावा इतिहासात टिकत नाही. आणि बोईसरहून मुंबई सुमारे १०० किलोमीटर आहे. डोक्याला किंवा मणक्याला गंभीर मार बसलेल्या रुग्णाला बहुधा मुंबई, वापी किंवा सिल्वासाकडे न्यावे लागते. दादरला पडणे आणि बोईसरला पडणे सारखे नाही.

९/ १० लाखांचे साहाय्य मृत्यूनंतरचे आहे. दोरी, पट्टा, शिरस्त्राण, जाड गाद्या आणि चौकात सज्ज रुग्णवाहिका ही त्याआधीची व्यवस्था. हंडी बांधणाऱ्याने थर विचारण्याआधी एवढे दाखवावे, अशी अट पथकांनीच घालायला हवी. वर चढणारे पोर त्यांचेच असते.