तिसरी रात्र

आईच्या श्वासाकडे कान लावून बसल्याची ही तिसरी रात्र. ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बुडबुडतंय. उशाशी तिचं पवित्र शास्त्र. कोपरे झिजलेले, पानांत वाळलेलं झेंडूचं फूल. माझी मात्र प्रभूची प्रार्थनाही अर्ध्यावर अडते.

केडगावच्या पंडिता रमाबाई सारख्या आठवतात. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम बाईंनी टाकलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. लेकीनंतरच्या त्या महिन्यांत देव त्यांना जवळ वाटला असेल का? मला आत्ता नुसती शांतता ऐकू येते. तरी जोडलेले हात सोडवत नाहीत.

आईनं डोळे न उघडताच विचारलं, “वाचतेस ना गं?”

मी फुलाचं पान उघडलं.