भाता, पाय आणि एक चाक

पेटीचा आवाज उजव्या हाताच्या बोटांतून येतो असं ऐकणाऱ्याला वाटतं. वाजवणाऱ्याला विचारा. पट्टी दाबली की फक्त हवेची वाट उघडते. सूर लहान की मोठा, हे डावा हात भात्यावर ठरवत असतो. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि माझा डावा हात त्या कामातून गेला. बोटं थोडीफार हलतात, पण भाता ओढण्याइतका जोर नाही. पन्नास वर्षांची भजनाची साथ एका सकाळीत थांबली.

नातीने लॅपटॉपवर 'व्हायटल' नावाचा सॉफ्टवेअर सिंथेसायझर घालून दिला आणि सोबत एक छोटा कीबोर्ड. मॅट टायटेल यांनी २०२० साली आणलेला हा प्रोग्रॅम; त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते (पेन्शनरला ही माहिती आधी लागते!). पडद्यावर एवढी बटणं की विमान चालवायला बसल्यासारखं वाटलं. पण त्यात 'मॅट्रिक्स' नावाचं एक पान आहे, ते पाहिलं आणि माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी महत्त्वाच्या: कोण हलवतो, कशाला हलवतो आणि किती. कर्ता, कर्म आणि क्रियाविशेषण! बाकी सगळं वाक्य-पृथक्करण.

पूर्वी हेच काम तारांनी होई. १९६४ च्या सुमारास रॉबर्ट मूग यांनी केलेल्या यंत्रात एका खणातून दुसऱ्या खणात तारा खुपसायच्या. १९६९ च्या व्हीसीएस-३ या इंग्लिश यंत्रात तारांच्या जागी चौकटीत टाचण्या आल्या. आडवी रांग आणि उभी रांग जिथे भेटते तिथे टाचणी टोचायची. आजचं मॅट्रिक्स म्हणजे त्याच चौकटीची यादी.

तर पहिला प्रश्न भात्याचा. हात नाही तर पाय! संगीत नाटकांत पायपेटी वाजत असेच की. कीबोर्डला एक्स्प्रेशन पेडल जोडलं, ते व्हायटलच्या पहिल्या 'मॅक्रो'ला शिकवलं आणि त्या मॅक्रोतून दोन वाटा काढल्या. एक आवाजाच्या पातळीकडे, दुसरी अगदी थोडी फिल्टरकडे. कारण भाता जोरात दिला की पेटी नुसती मोठी वाजत नाही, तिचा सूर उजळतोही. ही दुसरी वाट नसताना आवाज रेडिओचं बटण फिरवल्यासारखा निर्जीव येत होता.

मग लोभ सुटला. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार पेटीवर कधीच निघत नाही. मींड निघत नाही, असल्याच कारणांवरून १९४० साली रेडिओने पेटीला बाहेर काढलं होतं. इथे मात्र 'एलएफओ' आहे, म्हणजे संथ झुलणारी लाट. ती सुराला जोडली की सूर झुलतो. पण सगळेच झुलू लागतात, षड्जसुद्धा! शिवाय लाट दोन्ही बाजूंना गेली तर गंधार वर शुद्धाकडे सरकतो आणि दरबारी संपते. म्हणून लाट एकाच बाजूला, फक्त खाली, रिषभाच्या दिशेने ठेवली. वेग पाश्चात्त्य व्हायब्रातोपेक्षा कितीतरी कमी. तो सेकंदाला पाच-सहा वेळा थरथरतो, इथे झोका हवा. त्या ओळीतलं 'किती' शून्यावर ठेवलं आणि ते 'किती' हलवायचं काम कीबोर्डवरच्या छोट्या चाकाला दिलं. म्हणजे एका ओळीचं कर्म ही दुसरी ओळच. मिश्र वाक्य म्हणा ना. चाक फिरवायला जोर लागत नाही, डाव्या अंगठ्याला ते जमतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामापेक्षा हा व्यायाम मी जास्त इमानाने करतो.

नातीने दिलेला एक तयार आवाज ऐकायला गोड, पण तंबोऱ्याशी जुळेना. मॅट्रिक्समध्ये अकरा ओळी. एकेक 'किती' शून्य करत गेलो. सातव्या ओळीत चोर सापडला. 'रँडम' नावाचा कर्ता सुराला हलकेच इकडेतिकडे ढकलत होता. जुन्या यंत्रांचे सूर तापून सरकत, त्याची ही मुद्दाम केलेली नक्कल. एकाच बटणावर दोन-तीन कर्ते असले की त्यांची बेरीज होते, मग नुसत्या कानाने कोण कोणता ते कळत नाही. तेव्हापासून वहीत तीन रकाने आखून प्रत्येक ओळ लिहितो. नात हसते. "आजोबा, ते सेव्ह होतं हो!" होतं ना, पण का केलं ते कुठे सेव्ह होतं?

गेल्या एकादशीला मंडळात हे सगळं घेऊन बसलो. कोणी आवाजाला नाव ठेवलं नाही. आमचे पखवाजवाले तेवढे अस्वस्थ. अर्ध्या तासाने म्हणाले, "मास्तर, तुमच्या भात्याकडे बघून मला कळायचं, ओळ कधी सोडणार ते. आता बघू कुठे?" लॅपटॉपच्या टेबलावरची चादर जमिनीपर्यंत होती. ती वर खोचली, पाय दिसू लागला, आणि पुढचा अभंग सुरू केला.