नाईट ऑफ द लिव्हिंग डेड आणि एक राहून गेलेली ओळ

भूत जितकं महागडं, तितकी भीती कमी असं आपलं एक सरळसोट मत आहे. कॉम्प्युटरवर काढलेला राक्षस शंभर फूट उंच असला तरी शेवटी 'काय ग्राफिक्स आहेत यार!' एवढंच मनात येतं. त्यामुळे विकांताला मी शक्यतो खिशात पैसे नसलेल्यांनी काढलेले पिक्चर शोधतो. या खानदानाचे आजोबा म्हणजे जॉर्ज रोमेरोचा 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८).

रोमेरो आणि मंडळी पिट्सबर्गमध्ये जाहिराती बनवायची. स्टुडिओ नाही, स्टार नाही. ओळखीपाळखीत पैसे गोळा करून साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये पिक्चर उरकला. कृष्णधवल, कारण तेच परवडत होतं. मग रक्त म्हणून चॉकलेट सिरपही खपून गेलं!

गोष्ट चार ओळींची. मेलेली माणसं उठून जिवंतांना खाताहेत ('झोंबी' हा शब्द पिक्चरभर एकदाही येत नाही बरं का), आणि सातजण एका शेतघरात अडकलेत. बेन म्हणतो, वरच थांबू, खिडक्यांना फळ्या ठोकू. हॅरी कूपर म्हणतो, तळघरात चला, तिथे एकच दार आहे. रिलीजच्या आदल्या रात्रीच्या मीटिंगला बसला असाल तर हे दोघं लगेच ओळखाल. मुद्दा राहतो बाजूला आणि भांडण 'ऐकायचं कुणाचं?' यावर येतं. बाहेरचे संथ चालणारे मुडदे परवडले, असं वाटायला लागतं.

(पुढे शेवट सांगतोय. पिक्चर बघायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

शेवटी एकटा बेन वाचतो, आणि तोही तळघरात शिरून! म्हणजे हॅरीचं बरोबर होतं.. पण ते कळेपर्यंत हॅरी उरलेलाच नसतो. सकाळी बंदूकवाले गावकरी येतात. बेन खिडकीशी येतो. हालचाल दिसली म्हणून ते त्याला गोळी घालतात. बेन झालेला ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता. रोमेरोच्या म्हणण्याप्रमाणे त्याची ऑडिशन सगळ्यात चांगली झाली, म्हणून घेतला, बस. पण तयार प्रिंट घेऊन न्यूयॉर्कला जाताना गाडीच्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येची बातमी आली (४ एप्रिल १९६८). त्यानंतर हा शेवट नुसता भुताचा शेवट कसा राहणार? बेनचं प्रेत ओढून नेतानाचे ते दाणेदार फोटो भुतांपेक्षा जास्त छळतात.

आता पडद्यामागचा हॉरर. पिक्चरचं आधीचं नाव होतं 'नाईट ऑफ द फ्लेश ईटर्स'. तसल्याच नावाचा एक पिक्चर आधी येऊन गेला होता, म्हणून वितरकानं नाव बदललं. कॉपीराइटची ओळ होती जुन्या नावाच्या पाटीवर. पाटी गेली, तिच्याबरोबर ओळही गेली, आणि नवीन पाटीवर ती टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार ओळ नाही तर हक्क नाही. झालं! पिक्चर तिथे सार्वजनिक मालमत्ता झाला. कुणीही टीव्हीवर लावावा, कुणीही कॅसेट काढून विकावी.

त्यामुळेच तो घराघरात पोचला आणि कल्ट झाला, असं हमखास सांगतात. खरंही आहे ते. पण आम्ही कॉम्प्युटरवाले 'फुकट दिलं की पसरतं' म्हणून टाळ्या वाजवतो ना, तिथे मला अडखळायला होतं. ओपन सोर्स लिहिणारा स्वतःहून देतो. या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. इतरांनी त्यांच्या कामावर वर्षानुवर्षं पैसे केले आणि यांनी बघत बसायचं! १९९० साली पिक्चर रंगीत स्वरूपात पुन्हा काढला, त्यामागे निदान काहीतरी हक्क हातात यावा हेही कारण होतं. पसरणं आणि लुटलं जाणं बाहेरून सारखंच दिसतं, फरक फक्त 'घे' कुणी म्हटलं यात असतो.

असो. कळकट कॉपी बघू नका. मूळ निगेटिव्हवरून केलेली स्वच्छ प्रत २०१६ मध्ये आलीये, ती मिळवा. ९६ मिनिटांचा तर मामला आहे. दिवे घालवा, आणि तळघर की वरचा मजला, ते आधीच ठरवून बसा :)