डांबर, वाळू आणि पाच टायर

जयपूरच्या विद्याधर नगरचे रस्ते गाडीवाल्याचे लाड करतात. या वस्तीचा आराखडा बाळकृष्ण दोशींचा. दोशींचा जन्म पुण्याचा, त्यामुळे मराठी माणूस म्हणून मला इथे राहताना त्याचं विशेष अप्रूप वाटतं. रुंद, सरळ डांबरी रस्ते. पण माझं काम शेतांवर सोलर पंप बसवायचं. सकाळी पिकअप घेऊन सीकर रोडला लागलं की चौमूपर्यंत हायवे. पुढे रेनवालच्या बाजूला वळलं की हळूहळू डांबर संपतं आणि शेतापर्यंतची शेवटची वाट भुसभुशीत वाळूची. सुट्टीच्या दिवशी त्याच पिकअपमध्ये मागच्या सीटवर बसून आई खाटूश्यामजीला येते.

गाडीसोबत आलेले टायर झिजले. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरची खूण. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. दुकानात पहिला आग्रह झाला तो एम-टीचा, म्हणजे चिखलाच्या टायरचा. दिसायला रांगडा, मोठमोठे गट्टे, मध्ये बोटभर फटी. चिखल फेकायला त्या फटी उत्तमच. पण जयपूरकडे चिखल असतो पावसाळ्याचे थोडे आठवडे. कोरड्या वाळूत चाक जागच्या जागी फिरलं की हेच गट्टे फावड्यासारखे खड्डा खणतात. शिवाय डांबराला रबर कमी टेकतं, म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. एका मित्राच्या गाडीला हे टायर आहेत. आई तिच्यात बसली आणि अजमेर पुलिया यायच्या आत म्हणाली, "अरे, हा घुंईं आवाज कसला? बोललेलं काही ऐकूच येत नाही."

दुसरं टोक एच-टीचं, हायवेच्या टायरचं. आवाज नाही, अ‍ॅव्हरेज चांगलं, पावसात पकड भरवशाची. मी नुसता शहरात फिरलो असतो तर डोळे झाकून हेच घेतले असते. पण शेताच्या वाटांवर अरवलीचे धारदार कडांचे दगड असतात. नक्षीत काटा घुसला तर पंक्चरवाला रबराची वात घालून काम भागवतो. बाजूची भिंत फाटली तर मात्र वात चालत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. म्हणून मी दुकानात नक्षीआधी साइडवॉल वाचली. आत कापडाचे किती थर आहेत ते तिथे छापलेलं असतं. तिथेच चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गोदामात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊ नये.

मी ए-टी घेतले, दोन्हींच्या मधले. माप कंपनीचंच ठेवलं, २५५/६० आर १८. एक माप मोठा, २६५/६० घ्या, गाडी उठून दिसेल, असं दुकानदार म्हणत होता. हिशेब केला: चाकाचा व्यास ७६३ मिलिमीटरवरून ७७५ वर जातो. काटा १०० दाखवील तेव्हा गाडी साधारण १०१.६ ने धावेल. फरक किरकोळ, पण जड चाक फिरवायला डिझेल रोज जाणार, आणि मिळणार काय, तर सहा मिलिमीटरची उंची. भारांक मात्र कमी होऊ दिला नाही. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो. मागे पंप, पाइप आणि पॅनेलचे सांगाडे असतात.

आता खरी गोष्ट. वाळूत टायरपेक्षा हवा जास्त काम करते. हे मी कामावर आलेल्या दर नव्या मुलाला हाताला धरून दाखवतो. डांबर संपतं तिथे थांबायचं, व्हॉल्व्हची टोपी खिशात टाकायची, गेज लावून पस्तीस पीएसआयची हवा अठरापर्यंत उतरवायची. चाक खाली बसतं, जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो आणि तेच वजन जास्त जागेवर पसरतं. मग स्टिअरिंग हलक्या हाताने, ब्रेक शक्यतो नाहीच, गाडी आपोआप थांबू द्यायची. झटक्यात वळवलं तर कमी हवेचा टायर रिमवरून उतरू शकतो. परत डांबरावर आलं की बॅटरीवरच्या कंप्रेसरने हवा पूर्ण भरल्याशिवाय निघायचं नाही. मे महिन्यात अर्ध्या हवेवर हायवेला पळवलेला टायर दुमडून दुमडून इतका तापतो की फुटायला वेळ लागत नाही. कंप्रेसरशिवाय ए-टी घेणाऱ्याने एच-टीच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांभर सरोवराच्या पात्रात मात्र कुठल्याच टायरने जाऊ नये. वर मिठाचा पांढरा पापुद्रा, खाली काळा चिखल. गाडी रुतते, आणि पाणथळीच्या अंगावर चाकोऱ्या राहतात त्या वेगळ्याच. तिथे मी गाडी काठावर लावून चालत जातो.

पैसे देताना दुकानदाराने चार टायरचं बिल केलं. मी पाच मागितले. फोर बाय फोर लावलेलं असताना एक चाक वेगळ्या व्यासाचं असलं तर ताण गिअरांवर येतो, म्हणून स्टेपनीही त्याच मापाची, त्याच नक्षीची हवी. टायर फिरवतो तेव्हा तिलाही फेरीत घेतो. पाचही सारखे झिजतात.