डोंगरगावची टेकडी आणि ज्वारीची भाकरी

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल पाहताना आमच्या धाकट्याने विचारले, "अब्बा, हा काळा दगड आला कुठून?" मी सांगितले, "जमिनीतून लाव्हा आला, थंड होऊन त्याचा दगड झाला." त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग लाव्ह्याच्या खाली काय आहे?"

आपल्या धाराशिवमध्ये याचे उत्तर दिसत नाही. इथे लाव्ह्याचे थरावर थर आहेत. म्हणून सुट्टी लागताच लातूर, नांदेड, यवतमाळ, वणी करत आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात गेलो. तिथे लाव्ह्याखालची जुनी माती उघडी पडली आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे तळी आणि ओढे होते. त्यांच्या काठी डायनासोर चरत. मासे आणि कासवेही होती. पुढे लाव्हा आला आणि सगळे झाकून गेला. इथल्या पिसदुरा गावातून ख्रिस्ती पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच हाडांचे जीवाश्म गोळा केले होते. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी १९८४ ते १९८६ या काळात खोदकाम केले आणि एका अजस्र प्राण्याचा सांगाडा बाहेर काढला. मान, पाठ, शेपूट, पुढचा पाय मिळाला; डोके मात्र मिळाले नाही. त्याच्या पुढच्या पायाचे वरचे एकच हाड १४८ सेंटिमीटर लांब. थोरलीला शेजारी उभे केले असते, तर हाडच उंच ठरले असते! १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि २००३ मध्ये त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'इसिसॉरस' नाव मिळाले.

दुपारी बाभळीच्या सावलीत डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी मुलांना सांगितले, "पिसदुऱ्यात डायनासोरचे शेणही दगड होऊन सापडते. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तर त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, अगदी भाताच्या भाऊबंदांचेसुद्धा. हे २००५ मध्ये छापून आले. डायनासोरच्या काळी इतक्या तऱ्हेचे गवत असेल, असे तोवर कोणाला वाटले नव्हते." अम्मी हातातल्या भाकरीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे ज्वारीचं खानदान एवढं जुनं? सुभानल्लाह!"

निघताना धाकट्याचा खिसा जड दिसला. तपकिरी, सच्छिद्र दगड होता. हाडच असावे. "शाळेत दाखवणार," तो म्हणाला. मलाही मोह झाला. एवढ्या लांबून आलो होतो. पण अम्मींनी विचारले, "बाळा, हा कुठं पडला होता, ते दगड सांगेल का?" खरेच होते. कोणत्या थरात, कशाशेजारी सापडला, यातच त्याची साक्ष असते. जागा सुटली की उरतो नुसता दगड. ही अमानत आहे, आपली मालमत्ता नव्हे.

तो रुसला, पण परत गेला आणि जिथून उचलला होता तिथेच ठेवून आला. त्याऐवजी त्याने वहीत त्याचे चित्र काढले, शेजारी गावाचे नाव आणि तारीख लिहिली.

शाळेत त्याने ती वही दाखवली. बाईंनी वर्गाला विचारले, "कोणाकोणाला जायचंय?" घरी येऊन तो म्हणाला, "अब्बा, सगळ्यांनी हात वर केला. दगड आहे ना तिथंच?"