उजवीकडून सुरू होणारी नावं

आपल्याकडच्या बऱ्याच लग्नपत्रिकांत एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू असते. अशा पत्रिका मांडण्यासाठी मी एका छापखान्याला वेबपान बनवून दिलं होतं. त्यात ब्राउझरचा कॅनव्हास आणि त्यावर चित्र काढणारी एक ओपन सोर्स लायब्ररी वापरली होती.

एक दिवस छापखान्याचे चाचा म्हणाले, "बेटा, नुक्ते तपासायला झूम केलं की नावच कापलं जातंय." उर्दूत एका नुक्त्याने अक्षर बदलतं, म्हणून ते प्रत्येक नाव मोठं करून पाहतात.

१०० टक्क्यांवर सगळं ठीक होतं. १२५ टक्के केलं की उर्दू नावाची सुरुवात गायब आणि खालचे नुक्तेही. मराठी ओळ मात्र शाबूत.

मजकूर चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून कॅनव्हासला 'क्लिप' देतात, म्हणजे एवढ्याच भागात रंगव. लायब्ररी आधी क्लिप लावत होती आणि नंतर झूम. चौकटीचे बिंदू देताना जे माप चालू असतं, तेच कॅनव्हास धरतो. त्यामुळे खिडकी ४०० पिक्सेलचीच राहायची आणि आतला मजकूर ५०० पिक्सेलचा व्हायचा. उजवीकडचे १०० पिक्सेल कापले जायचे. मराठी ओळीच्या उजवीकडे बहुधा कोरी जागा असते. उर्दू ओळ तिथूनच सुरू होते.

क्लिपची लांबी-रुंदी झूमने गुणावी, हा उपाय सोपा वाटतो. पण पत्रिका सरकवली किंवा फिरवली की तो फसतो. शिवाय नवी क्लिप लावून जुनी मोठी करता येत नाही. दोन्हींचा सामाईक भागच उरतो. म्हणून क्रमच बदलला. आधी सेव्ह, मग झूम, मग क्लिप, मग मजकूर, शेवटी रिस्टोर. झूमची ओळ क्लिपच्या वर नेली, एवढंच.

मग हा दोष आधी कुणाला का दिसला नाही? लायब्ररीच्या चाचण्यांतला नमुना मजकूर इंग्रजी होता, डावीकडून सुरू होणारा. यात कुणाचा आकस नव्हता. त्यांच्या नमुन्यात आपण नव्हतो, इतकंच. अशा वेळी नुसती तक्रार करून भागत नाही, आपला नमुना आपणच द्यावा लागतो.

म्हणून दुरुस्तीबरोबर मी एक चाचणीही पाठवली. त्यात एकच उर्दू ओळ १००, १२५ आणि २०० टक्क्यांवर तपासली जाते. दुरुस्ती एकदाच होते, चाचणी प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालते. उद्या कुणी तो क्रम बिघडवला, तर चाचांच्या आधी त्यालाच कळेल.